उजेड आणि ओझे : मिररलेस कॅमेऱ्यासाठी टेलिफोटो झूम

प्रस्तावना

टेलिफोटो झूम लेन्सच्या नावात आकड्यांच्या दोन जोड्या असतात. ‘१००-४००, एफ ४.५-५.६’ असे नाव वाचताना नजर पहिल्या जोडीवर जाते, कारण दूरचा पक्षी किती मोठा दिसेल ते तिथे कळते. लेन्सचे वजन, तिची किंमत आणि कमी उजेडातली तिची ताकद मात्र दोन्ही जोड्यांच्या भागाकारातून ठरते. फोकल लेंथला एफ-आकड्याने भागले की लेन्समध्ये प्रकाश ज्या वाटेने शिरतो तिचा व्यास मिळतो. ६०० मिमीला एफ ६.३ म्हणजे सुमारे ९५ मिमी आणि ६०० मिमीला एफ ४ म्हणजे १५० मिमी. पुढचे भिंग निदान तेवढे रुंद असावेच लागते, आणि व्यास दीडपट झाला की त्या भिंगाची काच तिप्पट-साडेतिप्पट होते. यातून पळवाट नाही. काच सुधारता येते, नळी हलक्या धातूची करता येते, मोटर बदलता येते. पण ठरावीक अंतरावरून ठरावीक उजेड गोळा करायला जेवढे तोंड लागते, तेवढे लागतेच.

हा भागाकार एकदा अंगवळणी पडला की बाजारातली बरीच कोडी सुटतात. २०० मिमी एफ २.८, ४०० मिमी एफ ५.६ आणि ५०० मिमी एफ ७.१ या वरवर तीन वेगळ्या जातीच्या लेन्स वाटतात. तिन्हींचा व्यास काढला तर तो सत्तर-एकाहत्तर मिमीच भरतो. कॅननची आरएफ ७०-२०० एफ २.८ (२०१९) १,०७० ग्रॅमची, निकॉनची झेड १००-४०० (२०२१) १,३५५ ग्रॅमची आणि कॅननची आरएफ १००-५०० (२०२०) १,३७० ग्रॅमची आहे, ती याच कारणाने. तोंड तेवढेच ठेवून कुणी उजेडाला प्राधान्य दिले, कुणी पल्ल्याला. लेन्स निवडणे म्हणजे या वाटणीत आपल्या वाट्याला काय यावे ते ठरवणे, आणि प्रस्तुत पुस्तकाचा विषय तोच आहे.

लांब फोकल लेंथची प्रत्येक लेन्स खऱ्या अर्थाने टेलिफोटो नसते. पुढे प्रकाश एकवटणारा भिंगांचा गट आणि मागे तो थोडा फाकवणारा गट, अशी रचना केली की लेन्सची लांबी तिच्या फोकल लेंथपेक्षा कमी होते. ही युक्ती १८९१च्या सुमारास इंग्लंडमध्ये थॉमस डालमायर आणि जर्मनीत आडोल्फ मीटे यांनी जवळजवळ एकाच वेळी मांडली. तिची किंमत लगेच लक्षात आली : मागचा गट प्रतिमा मोठी करतो, तसे पुढच्या गटाचे दोषही मोठे करतो. त्यातला सर्वांत त्रासदायक दोष रंगांचा. लाल आणि निळे किरण एकाच प्रतलावर एकवटत नाहीत आणि काळ्या फांदीच्या कडेला जांभळी किनार उमटते. १९६९मध्ये कॅननने कृत्रिमरीत्या वाढवलेल्या फ्लोराइटच्या स्फटिकाचे भिंग ३०० मिमीच्या लेन्समध्ये वापरले आणि पुढच्या दशकात निकॉनने कमी वर्णविक्षेप करणारी काच, म्हणजे आज लेन्सवर ‘ईडी’ या अक्षरांनी ओळखली जाणारी काच, आपल्या टेलिफोटोंत आणली. आजच्या मध्यम किमतीच्या झूममध्येही अशी दोन-चार भिंगे असतात. पन्नास वर्षांपूर्वी ती चैनीची बाब होती.

झूमचा इतिहास वेगळ्या वाटेने आला. स्थिरचित्रांच्या ३५ मिमी कॅमेऱ्यासाठी पहिली झूम म्हणून फ्रँक बॅक यांनी आखलेली फोइग्टलेंडर झूमार ओळखली जाते. ती १९५९ची, ३६-८२ मिमी, एफ २.८. त्याच वर्षी निकॉनने ८५-२५० मिमीची टेलिफोटो झूम जाहीर केली. सुरुवातीच्या झूम जड होत्या आणि प्राइम लेन्सपुढे मऊ पडत. भिंगांचे तीन-चार गट एकमेकांशी मेळ ठेवून सरकवायचे, तर प्रत्येक फोकल लेंथला दोषांचे गणित नव्याने जुळवावे लागते. संगणकाने हे गणित आवाक्यात आणले. १९८०च्या दशकात ८०-२०० एफ २.८ ही वृत्तछायाचित्रकारांच्या खांद्यावरची लेन्स झाली. १९९५मध्ये कॅननने ७५-३०० मिमीच्या झूममध्ये हाताचा कंप सावरणारी यंत्रणा बसवली. अदलाबदल करता येणाऱ्या एसएलआर लेन्समध्ये ती प्रथमच आली. १९९८ची त्याच कंपनीची पुढे-मागे ढकलून झूम करायची १००-४०० जगभरच्या पक्षीनिरीक्षकांनी वर्षानुवर्षे वापरली. पुढे टॅमरॉन आणि सिग्मा यांच्या १५०-६०० (२०१३-१४) आणि निकॉनची २००-५०० एफ ५.६ (२०१५) आल्या आणि ५००-६०० मिमीचा पल्ला हौशी माणसाच्या आवाक्यात आला. डीएसएलआरच्या काळातला हा सर्वांत मोठा बदल म्हणावा लागेल.

पहिला मिररलेस कॅमेरा, पॅनासॉनिकचा जी१, २००८मध्ये आला. सोनीचा फुल-फ्रेम ए७ २०१३मध्ये. कॅनन आणि निकॉन २०१८मध्ये फुल-फ्रेम मिररलेसच्या वाटेवर आले. आरसा गेल्याने सगळ्या लेन्स लहान होतील अशी तेव्हा समजूत होती आणि ती अजून पुरती गेलेली नाही. आरसा गेल्याने लेन्सची बैठक सेन्सरच्या जवळ आली, हे खरे : निकॉनच्या जुन्या एफ माउंटमध्ये हे अंतर ४६.५ मिमी होते, झेडमध्ये १६ मिमी आहे. त्याचा मोठा फायदा वाइड लेन्सना होतो. टेलिफोटोत मागचे भिंग आधीच सेन्सरपासून बरेच पुढे असते; वाचलेली जागा रिकामी नळी म्हणून लेन्सलाच परत जोडावी लागते. कॅननच्या २०२१च्या आरएफ ४०० एफ २.८ आणि ६०० एफ ४ या जुन्या ईएफ रचनेच्याच आहेत, फक्त मागे वाढवलेल्या. तेव्हा मिररलेसने टेलिफोटोला काय दिले, याचे उत्तर लांबी-रुंदीत नाही. ते ऑटोफोकसमध्ये आहे.

डीएसएलआरमध्ये ऑटोफोकसचा संवेदक आरशाखाली वेगळा बसवलेला असे. लेन्सच्या तोंडाच्या दोन बाजूंनी येणारे किरण ताडून तो फोकस ठरवी. तोंड एफ ५.६ पेक्षा बारीक झाले की कडेचे ते किरण बहुतेक कॅमेऱ्यांत संवेदकापर्यंत पोचतच नसत. वरच्या श्रेणीचे काही कॅमेरे एफ ८पर्यंत, तेही मोजक्या बिंदूंवर, काम करीत. म्हणून टेलिफोटो झूमचा शेवट एफ ५.६ वर, फार तर ६.३ वर व्हावा हा अलिखित नियम होता. मिररलेसमध्ये फोकस सेन्सरवरच्याच पिक्सेलांनी ठरतो आणि ही भिंत कोसळली. कॅननने २०२०मध्ये एफ ११च्या ६०० आणि ८०० मिमी लेन्स काढल्या तेव्हा अनेकांना तो वेडेपणा वाटला होता. त्या झूम नव्हत्या, पण झूमही त्याच वाटेने गेल्या. एफ ७.१ला संपणारी १००-५००, ६३५ ग्रॅमची एफ ५.६-८ आरएफ १००-४०० (२०२१), फुजीफिल्मची एफ ५.६-८ १५०-६०० (२०२२), कॅननचीच एफ ६.३-९ २००-८०० (२०२३) आणि सोनीची एफ ६.३-८ ४००-८०० (२०२५) यांतली एकही डीएसएलआरच्या काळात विकण्याजोगी ठरली नसती. शिवाय इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडर काळोखी प्रतिमा उजळून दाखवतो. आरशाच्या कॅमेऱ्यात एफ ९मधून पाहणे म्हणजे डोळ्यांना ताण होता.

थोडक्यात, मिररलेसने प्रकाशशास्त्राचा एकही नियम बदललेला नाही. पूर्वी जी तडजोड करताच येत नव्हती ती करण्याजोगी केली. या पुस्तकाची सगळी मांडणी या निरीक्षणावर उभी आहे.

आज या क्षेत्रात ढोबळमानाने चार-पाच घराणी दिसतात. सर्वांत जुने घराणे ७०-२०० एफ २.८चे. लग्नमंडप, रंगमंच, मैदान आणि पंढरीच्या वाटेवरची दिंडी यांसाठी त्याला तोड नाही; वन्यजीवांसाठी ते अपुरे पडते. दुसरे १००-४०० आणि १००-५००चे : पिशवीत मावणारे, दिवसभर गळ्यात वागवता येणारे. कॅननची १००-५०० मिटवल्यावर सुमारे २०८ मिमी लांब असते, सोनीची २००-६०० (२०१९) कायम ३१८ मिमी. प्रवासी पिशवीत हा ११ सेंटिमीटरचा फरक बहुधा वजनाच्या फरकापेक्षाही निर्णायक ठरतो. तिसरे घराणे या २००-६०० आणि निकॉनच्या १८०-६००चे (२०२३), दोन किलोच्या आसपासचे, पैशाच्या मानाने सर्वाधिक पल्ला देणारे. चौथे हलक्या आणि काळोख्या लेन्सचे, ज्यात टॅमरॉनची ५४५ ग्रॅमची ७०-३०० येते आणि वर उल्लेखलेली छोटी आरएफ १००-४०० येते. जाणकारांच्या बोलण्यात या घराण्याला मान कमी मिळतो. तो मिळायला हवा, कारण घरी ठेवलेल्या दोन किलोच्या लेन्सपेक्षा सोबत नेलेली सहाशे ग्रॅमची लेन्स जास्त फोटो काढते. पाचवे घराणे खर्चाची पर्वा न करणारे : कॅननची १००-३०० एफ २.८, सिग्माची जवळपास चार किलोची ३००-६०० एफ ४, ओएम सिस्टिमची टेलिकन्व्हर्टर पोटात घेऊन आलेली १५०-४०० एफ ४.५.

ओएम सिस्टिम आणि पॅनासॉनिक यांच्या मायक्रो फोर थर्ड्स सेन्सरचा प्रश्न स्वतंत्र विचार मागतो. तिथे १००-४०० मिमीची लेन्स फुल-फ्रेमवरच्या २००-८०० एवढी चौकट देते. ऑलिम्पस या नावाने आलेली ओएम सिस्टिमची अशी लेन्स (२०२०) १,१२० ग्रॅमची, कॅननची फुल-फ्रेम २००-८०० मात्र २,०५० ग्रॅमची. फुकट काही मिळाले का? पुन्हा भागाकार करावा. ४०० भागिले ६.३ म्हणजे ६३ मिमी. ८०० भागिले ९ म्हणजे ८९ मिमी. छोट्या सेन्सरवर उजेडाची घनता एफ ६.३चीच राहते, शटर स्पीडही तोच मिळतो; पण सेन्सरचे क्षेत्रफळ चौथाई असल्याने एकूण गोळा होणारा प्रकाश कमी आणि दाणे तेवढे जास्त. तोंड लहान, म्हणून ओझे लहान. दोन्ही बाजूंचे कट्टर समर्थक ज्या मुद्द्यावर वर्षानुवर्षे भांडतात तो एका ओळीच्या गणितात मिटतो.

तडजोडी कागदावर एक दिसतात आणि जागेवर दुसऱ्याच. भिगवणजवळ उजनीच्या फुगवट्यात होडीतून रोहित पक्षी टिपणाऱ्याचे उदाहरण घ्यावे. होडी डुलत असते, ट्रायपॉड निरुपयोगी असतो, लेन्स हातातच धरावी लागते. थवा पाण्यात उभा असताना ६०० मिमीला एकेक मान मोजता येते. तोच थवा एकदम उठला की ६०० मिमीमध्ये फक्त पंखांचे तुकडे उरतात आणि झूम झटकन मागे घ्यावी लागते. निकॉनच्या १८०-६००ची कडी एका टोकापासून दुसऱ्या टोकाला न्यायला ७० अंश पुरतात; मनगट एकदा वळवले की झाले. नळी बाहेर न येणारी लेन्स असल्याने तोलही ढळत नाही. ज्या लेन्सची नळी बाहेर येते तिची कडी बहुधा जास्त फिरवावी लागते आणि पुढचे वजन सरकून हात खाली जातो. पण त्याच होडीपर्यंत दुचाकीवरून पाठपिशवी घेऊन यायचे असेल तर मिटणारी लेन्सच बरी.

ताडोब्यात गणित उलटते. वाघ दहा मीटरवर रस्त्यात आडवा उभा राहिला, तर २०० मिमीला फुल-फ्रेमच्या चौकटीत शेपटी सोडून जेमतेम त्याचे धड मावते. २००पासून सुरू होणाऱ्या लेन्सकडे मागे सरकायला जागाच नसते, आणि जिप्सीतून उतरता येत नाही. लांबचे टोक पाहून लेन्स घेणाऱ्यांना आखूड टोकाचे महत्त्व असे कळते. पहाटे फाटक उघडल्यावरच्या पहिल्या अर्ध्या तासात दुसरी अडचण : बांबूच्या सावलीतल्या सांबरासाठी एफ ६.३, सेकंदाचा २५०वा भाग आणि आयएसओ ६४०० लागत असेल, तर एफ २.८ला तोच फोटो आयएसओ १२५०च्या आसपास येतो. हा फरक पाचपट प्रकाशाचा आहे. पूर्वी तो फोटो मिळणे आणि न मिळणे यांतला फरक होता. डीएक्सओच्या डीपप्राइमने (२०२०) आणि पुढे लाइटरूममधल्या डीनॉइझने (२०२३) दाणे घालवण्याचे काम इतके सुधारले आहे की ६४००चा फोटो आता छापण्याजोगा होतो. मागची पार्श्वभूमी विरघळवण्याचे एफ २.८चे काम मात्र सॉफ्टवेअरने तितक्या खात्रीने होत नाही.

पल्ला कमी पडला तर फोटो कापता येतो, हा युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. त्याचा हिशेब साधा आहे. ४०० मिमीचा फोटो कापून ६०० मिमीएवढा केला की पिक्सेल सव्वादोन पटीने घटतात. ४५ मेगापिक्सेलचे २० उरतात, २४चे जेमतेम ११. पहिली संख्या बहुतेक कामांना पुरते, दुसरी मोठ्या छपाईला पुरत नाही. म्हणजे लेन्सचा निर्णय कॅमेऱ्यापासून तोडून घेता येत नाही. टेलिकन्व्हर्टरचेही तसेच : १.४ पट पल्ल्यासाठी एक स्टॉप, दुपटीसाठी दोन. कॅननच्या १००-५००वर तो बसवला की लेन्स ३०० मिमीच्या आत येतच नाही, आणि पहिली आरएफ ७०-२०० एफ २.८ तर कन्व्हर्टर स्वीकारतच नाही. नळी आत ओढून आखूड होण्यासाठी मागची जागा खर्ची पडली, त्याचा हा परिणाम. २०२४मध्ये आलेली न मिटणारी आवृत्ती कन्व्हर्टर घेते. काळोख्या लेन्सवर कन्व्हर्टर लावताना विवर्तनही आडवे येते. एफ ९ला प्रकाशबिंदूची चकती सुमारे १२ मायक्रॉनची होते आणि ४५ मेगापिक्सेलच्या फुल-फ्रेम सेन्सरचा एक पिक्सेल साडेचार मायक्रॉनहूनही थोडा लहान असतो. त्यापुढे पल्ला वाढवला तरी तपशील फारसा वाढत नाही.

कंप सावरण्याबाबत कंपन्यांचे आकडे सरसकट मानू नयेत. कॅमेऱ्यातली यंत्रणा सेन्सर हलवून काम करते. हात अर्ध्या अंशाने हलला तर ५० मिमीला प्रतिमा अर्ध्या मिलिमीटरहून कमी सरकते, ६०० मिमीला पाच मिलिमीटरहून जास्त. तेवढा सेन्सर सरकवणे अवघड असते, म्हणून लांब पल्ल्यात लेन्समधली यंत्रणाच मुख्य भार उचलते. ती नसलेली स्वस्त टेलिफोटो घेताना हे ध्यानात ठेवावे. अर्थात कुठलीही यंत्रणा उडता खंड्या थांबवू शकत नाही. तिथे सेकंदाचा २०००वा भागच लागतो आणि त्याला पुन्हा उजेड लागतो.

जवळून फोकस होण्याची क्षमता हा दुर्लक्षित गुण. निकॉनची १००-४०० एका मीटरच्या आत फोकस करते आणि विषयाच्या ०.३८ पट प्रतिमा देते. फुलपाखरे आणि चतुर यांच्यासाठी वेगळी मॅक्रो लेन्स लागत नाही. सोनीच्या २००-६००ला किमान २.४ मीटर लागतात. पावसाळ्यात आंबोलीला जाणाऱ्यांसाठी हा फरक पल्ल्यापेक्षा मोठा ठरू शकतो.

माउंटचे राजकारणही तडजोडीचाच भाग आहे. सोनीने ई माउंट इतरांना खुला केला, त्यामुळे सिग्मा आणि टॅमरॉनच्या स्वस्त, चांगल्या झूम तिथे मिळतात. पण त्या लावल्यावर वेगवान कॅमेरेही सेकंदाला १५ फोटोंवर अडतात आणि टेलिकन्व्हर्टर मिळत नाही. लायका, पॅनासॉनिक आणि सिग्मा यांच्या एल माउंटवर सिग्माचा कन्व्हर्टर चालतो. कॅननने फुल-फ्रेम ऑटोफोकस लेन्ससाठी आरएफ माउंट इतरांना खुला केलेला नाही. २०२४पासून आलेल्या सिग्मा-टॅमरॉनच्या आरएफ लेन्स लहान सेन्सरच्या आहेत. लेन्स घेणारा पुढच्या दहा वर्षांसाठी एका कंपनीचे धोरणही विकत घेत असतो.

काही तडजोडी कुठल्याच तक्त्यात येत नाहीत. विदर्भातल्या एप्रिल-मेमध्ये सकाळी नऊनंतर जमिनीवरून उठणारी झळ दूरच्या प्रतिमेला लाटा आणते. तिथे ६०० मिमीची सर्वांत महाग लेन्सही हरते आणि जवळ जाण्याला पर्याय उरत नाही. उघड्या जिप्सीत लाल धूळ बाहेर येणाऱ्या नळीवर बसते आणि नळी मिटताना आत जाऊ पाहते. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्याचे चार महिने कपाटात ठेवलेल्या लेन्समध्ये बुरशीची जाळी धरते. ड्राय कॅबिनेट किंवा निदान घट्ट झाकणाचा डबा आणि वेळोवेळी तापवून सुकवलेले सिलिका जेल हा लेन्सच्या खर्चाचाच भाग धरायला हवा.

हा विषय आत्ता पुस्तकरूपाने मांडण्याचे कारण बाजाराच्या अवस्थेत आहे. २०१८नंतरच्या काही वर्षांत प्रत्येक कंपनीने आपली टेलिफोटो झूमची फळी नव्याने उभी केली. पक्ष्याचा डोळा ओळखून त्यावर टिकणारा ऑटोफोकस कॅननच्या आर५ (२०२०) आणि सोनीच्या ए१ (२०२१) यांपासून रुळला आणि नवख्याच्या हातातही उडत्या पक्ष्याचा फोटो येऊ लागला. त्याच वेळी बदलत्या धोरणांमुळे जुन्या डीएसएलआर लेन्स स्वस्त झाल्या आणि अडॅप्टरने त्या नव्या कॅमेऱ्यांवर चालतात. निवड वाढली, तसा गोंधळही वाढला. मराठीत पक्षी, फुलपाखरे आणि जंगल यांवर विपुल आणि उत्तम लिहिले गेले आहे. ते टिपणाऱ्या साधनांवर तेवढ्या गांभीर्याने लिहिले गेलेले नाही.

म्हणून या पुस्तकात लेन्सची क्रमवारी लावलेली नाही आणि ‘सर्वोत्तम’ लेन्सची शिफारसही नाही. सुरुवात विषयापासून होते : काय टिपायचे, किती अंतरावरून, कोणत्या वेळी, आणि तिथवर पोचायचे कसे. त्यानंतर तोंडाचा व्यास, मग वजन, लांबी, झूमची रचना, फोकसचा वेग आणि शेवटी किंमत असा क्रम आहे. भौतिकशास्त्राची सूत्रे शाळकरी गुणाकार-भागाकाराच्या पलीकडे जात नाहीत. व्हिडिओसाठी झूमचा विचार वेगळा होतो, म्हणून तो जेवढ्यास तेवढा ठेवला आहे. पूर्णपणे मॅन्युअल लेन्स आणि आरशाच्या टेलिफोटो यांना जागा दिलेली नाही.

आकड्यांबाबत एक खुलासा आवश्यक आहे. काही कंपन्या ट्रायपॉड कॉलर धरून वजन देतात, काही काढून. निकॉनची १८०-६०० कॉलरशिवाय १,९५५ ग्रॅम आणि कॉलरसह २,१४० ग्रॅम भरते; कॅननच्या १००-५००मध्ये हाच फरक १६० ग्रॅमचा आहे. पुस्तकातली वजने शक्य तिथे कॉलर काढून दिली आहेत, फोकल लेंथ लेन्सवर छापलेलीच ठेवली आहे, आणि लहान सेन्सरची फुल-फ्रेमशी तुलना करायची असेल तिथे फोकल लेंथ आणि एफ-आकडा दोन्ही एकाच पटीने बदलून दाखवले आहेत.